निवृत्तीनंतरची मोटारगाडी

साठी उलटलेल्या गृहस्थाने जुनी मोटार विकत घ्यावयाचे ठरविले, की घरात सल्लागारांना तोटा पडत नाही. मुलगा म्हणतो, जुनी कशाला, हप्त्याने नवी घ्या. मेहुणे सांगतात, घ्यायचीच तर डिझेलची घ्या, ती मरत नाही. शेजारी एखाद्या ओळखीच्या दलालाचा पत्ता देतात. मात्र या तिघांपैकी एकानेही त्या गृहस्थाला, ही गाडी जाणार कोठे, असे विचारलेले नसते. वास्तविक साऱ्या निवडीचे मूळ या एका प्रश्नात आहे.

हा प्रश्न टाळणे तरुणाला परवडते. त्याची चूक पुढच्या पगारवाढीत भरून निघते. निवृत्ताच्या हाती आलेली उपदानाची आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदाच येते. त्यातले दोन-चार लाख फसव्या यंत्रात अडकले, तर ते परत उभे राहात नाहीत. शिवाय गाडी रस्त्यात बंद पडली, तर ती ढकलण्याचे वयही राहिलेले नसते.

पुण्यातले एक निवृत्त जोडपे घ्यावे. सकाळी मंडई, महिन्यातून दोनदा बँक, अधूनमधून दवाखाना, वर्षातून एकदा कोकण, एवढाच त्यांचा प्रवास. असा माणूस वर्षाला फार तर ५,००० किलोमीटर चालतो. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलची २० किलोमीटर जाते असे समजू. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये लिटर धरू. पेट्रोलचा खर्च सुमारे ३४,७०० रुपये आणि डिझेलचा २२,७५० रुपये, म्हणजे वर्षाची बचत बारा हजारांच्या आत राहते. डिझेल एंजिनाच्या इंजेक्टरांचे किंवा टर्बोचे एकच मोठे काम निघाले, तर ही बचत त्यात सहज बुडते. ‘डिझेल स्वस्त’ हा समज सरकार त्याची किंमत बांधून देत होते त्या काळचा आहे. पेट्रोलवरचे नियंत्रण २०१० मध्ये आणि डिझेलवरचे २०१४ मध्ये उठले. समज मात्र अद्याप उठलेला नाही.

दुसरी गोष्ट यंत्राच्या प्रकृतीची. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकाच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी मधूनमधून लांब रस्त्यावर एका वेगाने चालावी लागते. मंडई ते घर अशा दोन मैलांच्या फेऱ्यांत एंजिन पुरते तापतही नाही. मग गाळणी चोंदते, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि कारखान्याची वाट धरावी लागते. उलट, इंदूरला स्थायिक झालेले आणि पुण्याच्या मुलीकडे वर्षातून चार-सहा वेळा सुमारे ६०० किलोमीटर जाणारे कुटुंब असेल, तर त्यांना डिझेलच शोभते. त्यांनी २०२० पूर्वीची गाडी पाहावी हे बरे. मारुतीने त्या वर्षी डिझेल मोटारी बंद केल्या. पण तिच्या १.३ लिटरच्या डिझेल एंजिनाची नस जाणणारा कारागीर आजही लहान गावात भेटतो.

पेट्रोलची बाजूही अगदी निष्कंटक नाही. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक मोटारी त्याकरिता बांधलेल्या नव्हत्या. त्यामुळे थोडे इंधन अधिक लागते, आणि फार जुन्या गाडीत रबरी नळ्या व पट्ट्या तपासून घ्याव्या लागतात.

आता आकाराविषयी. मागे लांब, सपाट सामानघर असलेली, ज्यांना इस्टेट म्हणतात त्या मोटारी म्हाताऱ्यांच्या फार सोयीच्या. बैठक मोटारीची, जागा टेम्पोची. चाकाची खुर्ची घडी करून उचलावी न लागता सरकवता येते. आपल्याकडे ही जात रुजली नाही. अँबेसडरची इस्टेट होती. १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, २००४ मध्ये इंडिगो मरिना. मरिनाची पुष्कळशी यंत्रसामग्री इंडिकाची, आणि इंडिका तर गावोगावच्या टॅक्सीवाल्यांनी चालविली. म्हणून तिचे सुटे भाग शोधणे त्यातल्या त्यात सोपे. ऑक्टाव्हियाची काच फुटली तर मात्र वाट पाहावी लागते. पण या साऱ्यांचे वय आता झाले. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. हौस असेल त्याने मरिना जरूर ठेवावी; एकच गाडी असणाऱ्याने अर्टिगासारखी उंच, तीन ओळींची गाडी घेऊन मागची ओळ दुमडून टाकावी. तिच्यात चढताना गुडघेही कमी कुरकुरतात.

गाडी पाहावयास सकाळी जावे, आणि एंजिन आधी तापवून ठेवू नये, असे मालकाला सांगून जावे. गार एंजिन पहिल्या फिरकीत सुरू होते का, धूर निळा येतो का, हे तेव्हाच कळते; निळा धूर म्हणजे एंजिन तेल खाते. मीटर ३०,००० किलोमीटर दाखवीत असेल आणि पायाखालच्या कळीचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मुंबईत जुलै २००५ मध्ये, चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये हजारो मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात. गालिच्याखाली कुबट वास, आसनाच्या रुळांवर गंज, जादा चाकाच्या खळग्यात गाळ दिसला, तर किंमत विचारूच नये. सोबत कारागीर न्यावा, आणि तो पुढे आपलीच गाडी दुरुस्त करणार असेल असा न्यावा; मग तो उगाच वाहवा करीत नाही.

दिल्लीत नोकरी करून महाराष्ट्रात परतणाऱ्यांना तेथली स्वस्त डिझेल मोटार मोह घालते. ती स्वस्त असते याला कारण आहे: राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल मोटारींना बंदी करणारा आदेश २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीविषयी पुन्हा वाद झाला. अशी गाडी दुसऱ्या राज्यात नेताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक ठेवल्यास नवी नोंदणी आणि नवा कर. महाराष्ट्रात डिझेलवरचा कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे, हे सौदा ठरविण्यापूर्वी मोजावे. नोंदणीपत्रात बँकेच्या कर्जाचा उल्लेख असेल, तर तो काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. दावा न केल्याची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते.

शेवटी परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नाव्या वर्षानंतर तो पाच-पाच वर्षांनीच वाढतो, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा बासष्टाव्या वर्षी गाडी घेणाऱ्याने तिची उरलेली नोंदणी आणि स्वतःची दृष्टी या दोहोंचा हिशेब एकत्र मांडावा. पत्नीला गाडी येत असेल, तर चाचणीच्या दिवशी अर्धा रस्ता तिने चालवावा. क्लच जड आहे की हलका, हे तिने सांगितल्यावरच भाव ठरवावा.