पुस्तकांची आणि गाण्यांची बाजारफेरी

भाजी आणावयास निघालेला गृहस्थ काय घेऊन परतणार हें घरीं ठाऊक असतें. पुस्तकें आणि गाण्याच्या तबकड्या आणावयास निघालेल्याची गोष्ट तशी नाहीं. खिशांत यादी असते. परंतु संध्याकाळीं पिशवींतून जें बाहेर निघतें तें यादींत बहुधा नसतेंच. आणि घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ‘काय आणलें?’ हा नसून ‘किती पडले?’ हा असतो!

पन्नास-साठ सालच्या सुमारास मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ही फेरी सणासारखी गणली जाई. तिचा आरंभ पुष्कळदां गिरगांवच्या बाजूस होई. गणेश भटकळ यांनीं १९२४ सालीं लॅमिंग्टन रोडवर पॉप्युलर बुक डेपो काढला होता. केशवराव कोठावळे यांनीं १९४२ सालीं गिरगांवांत मॅजेस्टिक बुक स्टॉल मांडला होता. तेथून फोर्टाकडे व कुलाब्याकडे वळावें, तों १९४८ सालीं निघालेला टी. एन. शानभाग यांचा स्ट्रँड बुक स्टॉल. मॅजेस्टिक आणि स्ट्रँड हीं दोन्ही नांवें मूळचीं चित्रपटगृहांचीं, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. शानभागांविषयीं असें सांगतात, कीं विद्यार्थिदशेंत एका दुकानांत पुस्तक चाळतांना त्यांना हटकण्यांत आलें, आणि ज्याला हवें त्यानें खुशाल चाळावें असें दुकान आपण काढूं, असा त्यांनीं तेव्हांच निश्चय केला. चाळूं न देणारा दुकानदार पुस्तक कागदाच्या भावानें विकतो. चाळूं देणारा तें पुस्तक म्हणून विकतो.

तबकडीची अडचण निराळीच. पुस्तक मधेंच उघडून चार ओळी वाचतां येतात. तबकडी मात्र सुई टेकेपर्यंत मुकी. लाखेपासून केलेली ती १० इंची काळी चकती मिनिटास ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूस जेमतेम ३ मिनिटांचें गाणें मावे. तासभर रंगणारा ख्याल ३ मिनिटांत बसवावयाचा म्हणजे गवयाची कसोटीच. हिंदुस्थानांत १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें ध्वनिमुद्रण झालें, तेव्हांपासून गवयांनीं ही कला हळूहळू साध्य केली. केसरबाई केरकर यांची सुमारें साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत पाठविण्यांत आली. थोडक्या अवकाशांत किती मावतें याचा याहून थोर दाखला कोणता द्यावा? तथापि वेष्टणावर नांव कितीहि मोठें असलें, तरी न ऐकतां पैसे मोजणें हें एक प्रकारचें धाडसच होतें.

म्हणून काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसचें महत्त्व. तेथें ऐकण्यासाठीं लहान लहान खोल्या होत्या. तबकडी मागावी, आंत जाऊन ऐकावी, मग काय तें ठरवावें. जी मोकळीक पुस्तकाच्या गिऱ्हाइकाला होती, तीच गाण्याच्या गिऱ्हाइकाला मिळाली.

अशा फेरीस निघालेला त्या काळचा एकादा कारकून डोळ्यांपुढें आणावा. बरोबर शाळेंत जाणारी मुलगी आहे. तिच्यासाठीं आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश घ्यावयाचा आहे. आणि घरीं वृद्ध मातेनें बालगंधर्वांची एक तबकडी मागितली आहे. कोश आधीं घेतला जातो, कारण परीक्षा थांबत नाहीं. मग उरलेले पैसे खिशांतल्या खिशांत दोनदां मोजले जातात. तबकडी मागितली जाते, एक बाजू ऐकून होते, दुसरी होते, पुन्हां पहिली. मुलगी कांहीं बोलत नाहीं, परंतु तिच्या हातांतला कोश तिला एकाएकीं जड वाटूं लागतो. शेवटीं बाप तबकडी काळजीपूर्वक वेष्टणांत घालतो, परत देतो, आणि ‘पुढच्या महिन्यांत’ एवढेंच म्हणतो. दुकानदार मान डोलावतो. त्याच्या चेहऱ्यावर आठी नाहीं. त्या रात्रीं घरीं तबकडी वाजली नाहीं. पण मुलीनें आजीपाशीं बसून, दोनदां ऐकल्याच्या बळावर, चालीचा अर्धाअधिक भाग गुणगुणून दाखविला. आजीनें दोन ठिकाणीं ती दुरुस्तहि केली!

ऱ्हिदम हाऊस २०१६ सालीं बंद झालें, स्ट्रँड २०१८ सालीं. आतां गाणें घरबसल्या हवें तेवढें ऐकावयास मिळतें, आणि त्याबद्दल कुरकुर करणें कृतघ्नपणाचें होईल. त्या आजीला तें केवढें सुख वाटलें असतें! ७८ फेऱ्यांची तबकडीच हवी असणाऱ्यानें मात्र चोरबाजारांतील मटण स्ट्रीट गांठावी. तेथें जुनीं यंत्रें आणि जुन्या तबकड्या निघतात. माहितगार माणूस प्रथम तबकडी उजेडांत तिरपी धरतो. रेषांवर करडी झांक दिसली, तर सुयांनीं ती झिजविली आहे असें समजावें. मग ती एका बोटावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटानें कडेला हलकेंच टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कोठें तरी केसाएवढी चीर आहे. आणि एवढें झाल्यावरहि विक्रेत्यास यंत्राची किल्ली फिरवावयास सांगावें व एक बाजू पुरी ऐकल्यावांचून पैसे काढूं नयेत. तोहि बहुधा नाहीं म्हणत नाहीं. एक स्टूल पुढें सरकवतो, आणि रस्त्याच्या गलबल्यांत सुई खालीं टेकते.