पाय दिल्यानंतर
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अपंगांच्या सेवेत आपला समाज मागे नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ‘जयपूर फूट’ गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचू लागला. तो पाय घडविला डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी, १९६८ च्या सुमारास. परदेशी पायाला बूट लागे. तो लावून मांडी घालणे, उकिडवे बसणे कठीण. आपला माणूस कसा बसतो, चिखलातून अनवाणी कसा चालतो, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग रबराचा पाय केला. डाळजच्या शिवारात उसाला दारे धरणाऱ्यास याचे मोल वेगळे सांगावयास नको.

पाहण्याची ही रीत मात्र आपण उचलली नाही. शिबिरात पाय बसविला, हार घातला, छायाचित्र काढले की आपले पुण्यकार्य संपते. तो पाय झिजल्यावर माणूस कोठे जातो, याची चौकशी कोण करतो? कोणी हळूच ‘पूर्वकर्म’ म्हणतो. असातावेदनीय कर्म शास्त्रात आहे खरे; परंतु ते स्वतःच्या आत्मपरीक्षणासाठी सांगितले आहे. शेजाऱ्याच्या कुबडीकडे पाहून त्याच्या मागील जन्माचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसरा कोणी भारावून ‘दिव्यांग’ म्हणतो. २०१५ च्या अखेरीपासून हा शब्द रूढ झाला. हेतू चांगलाच होता. पण एकदा दिव्यत्व बहाल केले की नोकरी, रस्ता, शौचालय हे विषय निघतच नाहीत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मानसिक आजार तर १९९५ च्या कायद्यातही होता. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला आपली दयाही येत नाही.

क्षमा असावी, आता थोडे घरचे बोलतो. येताना या सभागृहाच्या पायऱ्या मोजल्या, सहा आहेत. मागील शिबिरात चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या एका भगिनीला चौघांनी उचलून वर आणले. टाळ्या झाल्या. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो; आपली उंची तीन फूट, म्हणजे छत्तीस फूट. मध्ये एक वळण घेतले तर उत्तरेकडील भिंतीलगत तेवढी जागा आहे. चपलांची मांडणी तेवढी हलवावी लागेल.