अंश सगळ्यांना दिसतो



दीपप्रज्वलन आणि फिशपॉन्ड यांच्या मधे जो अडथळा असतो त्याला प्रमुख पाहुणा म्हणतात, हे मला माहीत आहे. विंगेत नऊवाऱ्या नेसून मुली कधीच्या तयार आहेत. त्यामुळे मी लांबण लावणार नाही, पण अगदी दोन शब्दांवरही सोडणार नाही.

मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. मी संख्याशास्त्राची शिक्षिका. लालबागच्या चाळीत वाढले आणि सगळी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात, दुसऱ्यांच्या रुग्णांचे आकडे तपासण्यात गेली. तरुण डॉक्टर माझ्याकडे थीसिसचं सबमिशन आठ दिवसांवर आलं की यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, एवढं पी व्हॅल्यूचं बघा ना." मी विचारायची, तुमचा प्रश्न काय होता? बहुतेकांना तो आठवत नसे. प्रश्न हरवलेला आणि उत्तराला मात्र दशांश चिन्हापुढे तीन आकडे, अशा अवस्थेतली संशोधनं मी पुष्कळ पाहिली.

तुमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी मला "संशोधनावर काहीतरी प्रेरणादायी" बोलायला सांगितलंय. प्रेरणेचं मला जमत नाही. पण या परळात, तुमच्या दारापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात, थोड्या माणसांनी आणि थोड्या पैशांत काय काय केलं, ते सांगू शकते.

हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत तुम्ही येताजाता पाहता. तिथे एके काळी गव्हर्नर राहत. पण हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस त्या वास्तूत तयार केलेली नाही, ती भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात केली. 1896 च्या ऑक्टोबरात ते मुंबईत आले तेव्हा त्यांना मिळाली एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, आणि न घेतलेल्यांचीही तितकीच काटेकोर नोंद ठेवली. दोघांचं जेवण तेच, कोठड्या त्याच, उंदीरही तेच. लस घेतलेल्यांत प्लेग खूपच कमी दिसला. कैद्याची "तयारी" कितपत खरी मानायची, हा प्रश्न आहेच, आणि आजची एथिक्स कमिटी तो प्रस्ताव बहुधा परत पाठवेल. पण ती न घेतलेल्यांची नोंद बघा. ती नसती तर नुसतं "लस दिलेले बरेच जण वाचले" एवढंच म्हणता आलं असतं, आणि त्याला काहीही अर्थ नसता.

शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. वर अंश, खाली छेद. दवाखान्यात अंश सगळ्यांना दिसतो. बरा झालेला माणूस पेढे घेऊन येतो, दगावलेल्याचे नातेवाईक आरडाओरडा करतात. छेद कुणाला दिसत नाही. किती जणांना औषध दिलं, किती जण परत आलेच नाहीत, किती जण औषधाविनाच बरे झाले, हे कुणीतरी बसून लिहावं लागतं. माझी नोकरी तेवढीच होती, छेद विचारण्याची.

आता केईएमकडे या. 1926 सालचं रुग्णालय. तिथे डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य शतकानुशतकं वापरत आले. ती रक्तदाब उतरवते हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी 1931 मध्ये लिहिलंही होतं. जगानं लक्ष दिलं नाही. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर तिचा परिणाम तपासला आणि 1949 मध्ये तो निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणला. रुग्ण पन्नासच. त्यानंतर मात्र पाश्चात्त्य कंपन्या त्या मुळीच्या मागे लागल्या. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं गेलं आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेझर्पिननं काही रुग्णांना नैराश्य येतं असं दिसलं, चांगली औषधं आली, ते मागे पडलं. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, औषधाचं आयुष्य असंच असतं. मला त्यात मोलाचं वाटतं ते एवढंच, की जे शेकडो वैद्यांना माहीत होतं ते एका माणसानं मोजलं आणि परक्यांना तपासता येईल अशा ठिकाणी मांडलं.

त्याच आवारातला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' तुम्हाला पाठ असेल, परीक्षेत येतो. रेल्वे अपघातातला एक जखमी आणि भोसकलेला एक, दोघांना कुणाचंच रक्त जुळेना. भेंडे, देशपांडे आणि भाटिया या डॉक्टरांनी "नमुना खराब असेल" म्हणून तो फेकला नाही. 1952 मध्ये लॅन्सेटमध्ये निबंध आला आणि आपल्या शहराचं नाव रक्तगटाला मिळालं. जुळत नाही ते फेकायचं नाही, एवढं त्यातून घ्या आणि पुढे चला.

गुळवेलीवर मात्र जरा थांबते, कारण करोनात तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी काढा उकळत होता. तिच्यावर केईएममध्येच अभ्यास करणाऱ्यांतले दोघे सांगते. डॉ. रवी बापट म्हणजे 'वॉर्ड नं. पाच, केईएम' लिहिणारे सर्जन. तुमच्या ग्रंथालयात ते पुस्तक नसेल तर उद्या आणा. आणि डॉ. शरदिनी डहाणूकर, औषधशास्त्राच्या प्राध्यापक, 'हिरवाई'सारखं लिहिणाऱ्या. पित्ताचा मार्ग बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायची, तर त्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते आणि जंतुसंसर्गानं माणसं जातात, हा बापटांच्या वॉर्डातला रोजचा अनुभव. या मंडळींनी 30 रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारांच्या जोडीला गुळवेल. हा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांत रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली. गुळवेलीच्या गटात एकातही नाही.

टाळ्या वाजवायच्या असतील तर थांबा, माझ्यातली मास्तरीण अजून जागी आहे. तीस रुग्णांत एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी टक्केवारी हलते. असा अभ्यास सांगतो की इथे खणा, पाणी असेल. विहीर लागली असं तो सांगत नाही. आणि तो विशिष्ट रुग्णांवरचा, शस्त्रक्रियेआधीच्या ठरावीक काळातला, मोजून दिलेल्या मात्रेचा अभ्यास होता. करोनात लोकांनी तीच वेल मनाला येईल तेवढी, महिनोन्‌महिने घेतली. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्याच डॉक्टरांना गुळवेल घेणारे, यकृताला इजा झालेले 6 रुग्ण दिसले आणि त्यांनी ते पुढच्या वर्षी छापलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. आक्षेप बरोबर होता. सहा रुग्णांना छेद नव्हता हेही खरं, कारण काढा किती लाख लोकांनी प्यायला ते कुणी मोजलेलं नव्हतं. तरीही त्या डॉक्टरांनी ते छापलं हे योग्यच केलं असं माझं मत आहे. धोक्याची पहिली खूण नेहमी पाच-सहा रुग्णांतच दिसते. ती दडवली तर पुढचा मोठा अभ्यास करणार कोण आणि कशासाठी?

लहान अभ्यास कुठे पुरत नाही, ते बघायला रस्ता ओलांडून टाटा रुग्णालयात जावं लागेल. लिग्नोकेन तुम्ही रोज हाताळता, टाके घालताना जागा बधिर करायला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी विचारलं, स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटं तिच्याभोवती हेच टोचलं तर? देशातल्या 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर चाचणी झाली, 2011 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत 86.4 टक्के आणि दिलेल्यांत 90.1. शंभरात जवळजवळ चार बायका जास्त, आणि खर्च माणशी शंभर रुपयांच्या आत. हा चारचा फरक पन्नास रुग्णांत कधीच दिसला नसता. म्हणून 1600, म्हणून एवढी वर्षं. अशा इंजेक्शनची चाचणी करायला कुठलीही औषध कंपनी पुढे येत नाही, कारण त्यात तिला मिळण्यासारखं काही नाही. ती सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनीच करायची असते, आणि परळच्या रुग्णालयानं ती केली याचा मला अभिमान आहे.

त्याआधीची व्हिनेगरची चाचणी तर तुमच्याच कामाशी जोडलेली. चायनीजच्या गाडीवर असतं तेच, म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. ते पातळ करून गर्भाशयाच्या मुखाला लावलं की बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटाभरात पांढरा दिसतो. पॅप तपासणीला प्रयोगशाळा लागते, याला एक टॉर्च आणि पारखी नजर. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकानं 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाच्या आसपास स्त्रियांवर हा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या होत्या किमान दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. हे 2013 मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडलं गेलं. तुलनेच्या गटातल्या बायकांना इतकी वर्षं तपासणीविना ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली. ती टीकाही तुम्ही वाचा. छेदात बसलेली बाईसुद्धा जिवंत बाई असते, हे आम्हा आकडेवाल्यांना कुणीतरी अधूनमधून खडसावून सांगावंच लागतं.

आता तुमच्याकडे येते. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे, गटानं प्रकल्पही करता. मी असे प्रकल्प वर्षानुवर्षं तपासले. दहापैकी सात-आठांचं शीर्षक एकाच साच्यातलं, 'अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता'. वीस प्रश्न विचारायचे, तक्ते दाखवून अर्धा तास शिकवायचं, लगेच तेच वीस प्रश्न पुन्हा विचारायचे. गुण वाढतात. वाढणारच! त्यात रुग्णाचं काय झालं? कुणाचा बेडसोअर टळला? मला हे प्रकल्प मनापासून आवडत नाहीत, आणि तुमच्या शिक्षकांसमोर मी हे मुद्दाम सांगतेय.

त्याऐवजी व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत लावायची नळी, घ्या. रोज लावता. काही जागा सुजतात, लाल होतात, रुग्ण रात्रभर कण्हतो. एका वॉर्डात एक महिनाभर लावलेला प्रत्येक व्हेनफ्लॉन लिहा. प्रत्येक, सुजलेला तेवढाच नव्हे. कुठल्या हाताला, कोपराशी की मनगटाशी, किती वाजता लावला, चिकटपट्टीवर तारीख घातली होती का, कधी काढला, का काढला. महिनाअखेरीस तुमच्याकडे अशी गोष्ट असेल जी तुमच्या रुग्णालयात आज कदाचित कुणाकडेच नाही. मग एकच बदल करा आणि पुढचा महिना पुन्हा मोजा. किंवा रात्री वॉर्डातले दिवे कधी बंद होतात आणि रुग्ण किती झोपतात ते बघा. घरी जाताना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, रुग्णाला गेटपर्यंत त्यातलं किती आठवलं, हेही विचारता येईल. यासाठी अनुदान लागत नाही. परवानगी लागते, एथिक्स कमिटीची, आणि रुग्णाची. तो "नाही" म्हणाला तर त्याची सेवा तसूभरही कमी होता कामा नये.

शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. त्याच्या मुळाशीही असाच साधा प्रश्न होता, आपल्याच विभागातली तान्ही बाळं संसर्गानं का दगावताहेत आणि त्यांच्या पोटात आईच्या दुधाऐवजी काय जातंय. असे प्रश्न पाळीवर उभ्या असलेल्या माणसालाच पडतात. डॉक्टर राऊंडला येऊन जातात, आठ तास रुग्णाजवळ तुम्ही असता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा इथे भिंतीवर आहे. 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं तिला पहिली स्त्री सदस्य म्हणून घेतलं, ते दिव्यासाठी नव्हे, तिनं केलेल्या सैनिकांच्या मृत्यूंच्या तक्त्यांसाठी.

प्राचार्य मॅडम, शेवटी एक विनंती, आणि ती मान्य कराल असं धरून चालते. पुढच्या संमेलनापासून बक्षीस समारंभात रांगोळी आणि वक्तृत्वाच्या जोडीला एक बक्षीस रुग्णसेवेवरच्या लहान अभ्यासाला ठेवा. रक्कम मी देईन. अटी तीन. प्रश्न आधी लिहून शिक्षकांकडे दिलेला असावा. मोजणीतून एकही रुग्ण गाळलेला नसावा. आणि "आम्ही केलेल्या बदलानं काहीही फरक पडला नाही" असं उत्तर आलेला अभ्यासही बक्षिसाला तितकाच पात्र असावा. तपासायला मी स्वतः येईन, पाहुणी म्हणून नाही, परीक्षक म्हणून. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या नोंदवह्या सोमवारपासून सुरू करा.