बॅटरी मशीन चालू असतानाच बदला
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकानं आपल्या कामाविषयी पाच मिनिटं बोलायचं ठरलंय. मी सीएनसी मशीनची दुरुस्ती करतो. आपल्या बॅचमधल्या काहींची शिरोलीला, गोकुळ शिरगावला शेड आहे. काहींची मुलं आता तिथं बसतात. हे बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी चहा घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडं बऱ्याच मशीनवर फानुकचा कंट्रोल असतो. त्याचं मूळ सॉफ्टवेअर आणि लॅडर वीज गेली तरी शाबूत राहतात. पण पॅरामीटर, पार्ट प्रोग्रॅम, टूल ऑफसेट, बॉलस्क्रूच्या पिचची दुरुस्ती, हे सगळं मशीन बंद असताना तीन व्होल्टच्या एका बॅटरीवर टिकतं. ती उतरली की स्क्रीनवर 'बीएटी' ही अक्षरं लुकलुकतात. मशीन तरीही व्यवस्थित चालतं, जॉब निघत राहतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मग दिवाळी येते. मेन स्विच आठ दिवस बंद!

अशाच एका सुट्टीनंतर मला बोलावणं आलं. मेमरी कोरी. पॅरामीटरची छापील यादी पॅनेलच्या दारातल्या कप्प्यात होती, पण तेलकट होऊन पानं चिकटलेली. एकेक पान सोडवत आकडे हातानं भरायला दोन दिवस गेले. प्रोग्रॅम मात्र गेले ते गेलेच. जुना सेटर नोकरी सोडून गेला होता, वहीत काही नव्हतं, आणि गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं.

बॅटरी दरवर्षी बदला, आणि कंट्रोल चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून बदला. आपल्या वायरमनचा हात सवयीनं आधी मेन स्विचकडं जातो. एरवी ती सवय चांगलीच, इथं ती घात करते. पॅनेलमध्ये वीज असते, म्हणून काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. ॲब्सोल्यूट एन्कोडर असेल तर सर्व्हो ॲम्प्लिफायरची बॅटरी वेगळी असते. ती संपली तर अक्षांचं शून्य हरवतं.

त्याआधी बॅकअप. जुन्या कंट्रोलला स्क्रीनशेजारी कार्डाची खाच असते. दोन जीबीपर्यंतचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड चालतं. स्क्रीनखालची उजवीकडची शेवटची दोन बटणं दाबून ठेवून मशीन चालू केलं की बूट स्क्रीन येते, तिथून सगळी मेमरी कार्डावर घेता येते. पॅरामीटर आणि प्रोग्रॅम वाचता येतील अशा फाइलमध्येही वेगळे काढा. कार्डावर मशीनचा नंबर आणि तारीख लिहा. शेजारच्या मशीनचा डेटा, मॉडेल तेच असलं तरी, भरू नका. एक प्रत शेडच्या बाहेर, घरी ठेवा. पॅनेलच्या कप्प्यात नको, ते वर सांगितलंच.

आता उन्हाळ्यातला आपला लाडका उपाय. पॅनेल तापलं की दार उघडायचं आणि समोर टेबल फॅन लावायचा. त्या वाऱ्याबरोबर बिडाची बारीक भुकटी आणि कूलंटचं धुकं थेट बोर्डांवर जातं. बिडाच्या भुकटीतून वीज वाहते, म्हणजे पुढं काय होतं ते सांगायला नको. दार बंद ठेवा. फिल्टर धुवा, कॅबिनेटचा पंखा फिरतोय का पाहा, एसी असेल तर त्याची जाळी साफ करा. कामाला अर्धा तास पुरतो.

ज्यांच्या स्क्रीनवर आत्ता ती अक्षरं लुकलुकताहेत, त्यांनी जेवण झाल्यावर मला भेटा. उद्या रविवार आहे, मी मोकळा आहे. तोवर मेन स्विच बंद करू नका.