मोबाइलवरील प्रवासाची पाटी
(भाषणाची संहिता)



प्रवाशास अचूक माहिती देणे हे लोकसेवेचे जुने अंग आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे ही राज्य परिवहनाची पहिली बस धावली. बस कोठून कोठे व कोणत्या मार्गे जाणार, हे दोन-तीन शब्दांत सांगण्याची शिकवण एसटीच्या पाटीने महाराष्ट्रास दिली. प्रवासाच्या ॲपचे विजेट हे त्याच पाटीचे नवे रूप होय. ॲप न उघडता मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर दिसणारी ही लहानशी चौकट आहे.

सोलापूर हे यात्रेकरूंच्या वाटांचे नाके आहे. पंढरपूर, अक्कलकोट व तुळजापूरकडे जाणारे भाविक येथूनच गाडी बदलतात. अशा प्रवाशास जाहिरात नको असते. गाडी कोठे जाणार, कोठून सुटणार व किती वाजता, एवढेच त्यास हवे असते. चौकटीत प्रथम स्थान या तीन गोष्टींना मिळावयास हवे.

येथे एक तांत्रिक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. बॅटरी वाचावी म्हणून विजेटवरील मजकूर क्षणोक्षणी बदलत नाही. अँड्रॉइड फोनवर नेहमीच्या पद्धतीने अर्ध्या तासाच्या आत तो नव्याने मागविता येत नाही. आयफोनवर वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटलाही दिवसातून साधारणतः ४० ते ७० वेळाच ही संधी मिळते. समजा, सायंकाळी ६.१० वाजता ‘बस २० मिनिटांत’ असा मजकूर आला. तो ६.२५ वाजता वाचणारा वृद्ध वारकरी निश्चिंतपणे चहास जाईल आणि ६.३० ची बस निघून जाईल. ती दिवसाची शेवटची बस असेल, तर त्यास रात्र स्थानकावरच काढावी लागेल. यास्तव ‘पंढरपूर – सुटणार ६.३०’ असे लिहावे व खाली ‘माहिती ६.१० ची’ अशी नोंद द्यावी. लिहिताना खरे असलेले वाक्य वाचतानाही खरे राहिले पाहिजे.

आषाढी यात्रेच्या काळात पंढरपुरात तात्पुरती बसस्थानके उभारली जातात. त्या दिवसांत नेहमीच्या स्थानकाचे नाव चौकटीत तसेच राहिले, तर संपूर्ण कुटुंब गर्दीत भलत्याच दिशेने जाईल. म्हणून यात्रेपूर्वी मजकूर बदलण्याची व यात्रेनंतर तो पूर्ववत करण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर निश्चित असावी.

भाषेचाही विचार हवा. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड व तेलुगू नांदतात. एका भाषेत मावणारा मजकूर दुसरीत मावेलच असे नाही. मोठी अक्षरे ठेवणाऱ्या वृद्धांच्या फोनवर तर जागा आणखी अपुरी पडते. अशा वेळी गावाचे नाव तोडू नये, शोभेचे चित्र काढून टाकावे.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे आहे. थांब्यास नकाशात एक नाव व लोकांच्या तोंडी दुसरेच असते. प्रचलित नाव त्यांनी कळवावे. तयार झालेली चौकट गावातील एखाद्या आजोबांस दाखवावी आणि ‘गाडी किती वाजता, कोठून?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकले, तर दोष वाचणाऱ्याचा न मानता मजकूर पुन्हा लिहावा.