ससाणा आणि बेडूक

ससाणा म्हटला कीं आकाश आठवतें आणि बेडूक म्हटला कीं डबकें. कूपमंडूक हा शब्द तर भाषेनें संकुचित माणसासाठींच राखून ठेविला आहे. हा न्याय कितपत खरा, हें ठरविण्यापूर्वीं दोन जीव शेजारीं ठेवून पाहिले पाहिजेत.

पहिला अमूर ससाणा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. उन्हाळ्यांत सैबेरिया व उत्तर चीनमध्यें तो पिलें वाढवितो आणि थंडीची चाहूल लागतांच दक्षिण आफ्रिकेची वाट धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत त्याचे थवे नागालँडांतील दोयांग जलाशयापाशीं उतरतात, उडत्या वाळवीवर ताव मारतात आणि मग भारत ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात. वाटेंत टेकावयास झाड नाहीं. तरी सुमारे तीन दिवस अखंड उडत ते आफ्रिकेचा किनारा गांठतात.

दुसरा सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील जांभळा बेडूक. शास्त्रानें त्याचें नामकरण केलें तें २००३ सालीं. टोकदार नाक, फुगीर अंग, आंखूड पाय. जवळजवळ सारें वर्ष तो मातीखालीं राहून वाळवीच खातो. पावसाळ्याच्या तोंडीं, अंडीं घालण्यापुरता, तो वर येतो.

पण याच्या कुळाचे सर्वांत जवळचे आप्त भारतांत नाहींत. ते हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांवर आहेत! खारें पाणी बेडकाला सोसत नाहीं. मग हें नातें कसें? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भारताची भूमि सेशेल्सपासून तुटून उत्तरेकडे सरकूं लागली आणि या बेडकाचे पूर्वज तिच्यासवें आले. ससाणा पंखांनीं समुद्र ओलांडतो. येथें कूपमंडूकाची विहीरच प्रवासाला निघाली होती.

दोघांचेंही दैव आतां माणसाच्या हातीं आहे. २०१२ सालीं दोयांगकांठीं जाळीं लावून हजारों ससाणे मारले गेले. २०१३ सालीं पांगती व शेजारच्या गांवांनीं ही शिकार थांबविली. त्याच वर्षीं उपग्रहाला खुणा पाठविणारीं यंत्रें लावून सोडलेल्या तीन पक्ष्यांना नागा, वोखा आणि पांगती अशीं नांवें मिळालीं.

बेडकाला असा थवा नाहीं. त्याचीं पिलें ओढ्याच्या खडकांना तोंडानें चिकटून वाढतात. ओढा अडला, रान तुटलें, तर कोट्यवधि वर्षांचें कूळ गाजावाजा न होतां संपेल. डोळ्यांना दिसतो त्याचा कैवार घेणें सोपें आहे. मातीखालच्याचा घेण्यांत माणसाची खरी परीक्षा आहे.