लिथियम, उंदीर आणि न सांगितलेली तक्रार



गेल्या उन्हाळ्यात वैतरणा स्टेशनच्या फलाटावर ओळखीचे एक गृहस्थ भेटले. कधी उन्माद तर कधी खोल खिन्नता, असा त्यांचा जुना विकार. लिथियमच्या गोळ्यांनी चार वर्षे प्रकृती ठीक होती. हळूच म्हणाले, "सर, गोळ्या सोडल्या मी." का, म्हटले, तर रुळांकडे बघत राहिले. शेवटी सांगितले, पती-पत्नीसंबंधात शरीर साथ देईना. "डॉक्टरांना हे कसं सांगायचं?"

लिथियम हा मिठाच्याच कुळातला एक हलका धातू. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांना त्याचा क्षार टोचलेले गिनीपिग शांत पडून राहिलेले दिसले. त्यावरून त्यांनी तो उन्मादाच्या रोग्यांना देऊन पाहिला. म्हणजे या औषधाची सुरुवातच मुळी प्राण्यांपासून झाली. आणि आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे थोडे उत्तरही प्राण्यांकडेच आहे.

अ‍ॅपोमॉर्फिन नावाचे औषध अगदी थोडे टोचले की नर उंदीर जांभया देऊ लागतो आणि त्याच्या इंद्रियाला ताठरता येते. मादी जवळ असण्याची गरज नाही. मेंदूतल्या डोपामिनवर चालणारी ही क्रिया आहे. जांभईचा आणि याचा काय संबंध, असे वाटेल; पण दोन्ही मोजता येतात, म्हणून संशोधकांना ही कसोटी सोयीची. दुसरी कसोटी इंद्रियाच्याच पेशींवर. तेहरानच्या संशोधकांनी उंदरांना कित्येक दिवस पिण्याच्या पाण्यातून लिथियम दिले आणि मग इंद्रियातला स्पंजासारखा भाग वेगळा काढून त्यावर औषधे घालून पाहिली. हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. एरवी औषधाने हा भाग सैल पडतो. लिथियम घेतलेल्या उंदरांत तो कमी सैल पडला. सैल पडल्याशिवाय त्यात रक्त भरत नाही, आणि रक्त भरल्याशिवाय ताठरता नाही! सैल पडण्याचा निरोप देणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटतो. अडचण तिथे असावी.

आता उंदराला कुणी नामर्द म्हणत नाही, आणि त्याला संसाराची काळजीही नसते. तरी त्याचे शरीर अडते. मी गृहस्थांना एवढेच म्हटले की, ही तुमच्या पुरुषत्वाची परीक्षा नव्हे. अर्थात उंदरावरून माणसाचे सगळे ठरत नाही. खिन्नतेनेही इच्छा मरते, इतर गोळ्यांनीही. कारण कोणते, ते डॉक्टरच शोधतील; पण त्यांना कळले तर! लिथियम एकाएकी सोडले तर उन्माद उलटतो, आत्महत्येचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट आपल्या भागाला लागू: उन्हात फार घाम गेला किंवा जेवणातले मीठ एकदम तोडले, तर रक्तातले लिथियम धोक्याइतके चढू शकते.

पुढच्या आठवड्यात ते पत्नीला घेऊन ठाण्याला गेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मात्रा थोडी कमी ठेवली. तक्रार सगळी गेली नाही, निम्मी गेली म्हणतात. डॉक्टरांपुढे बोलायला सुरुवात मात्र वहिनींनी केली.